चौपाटीवरचं लाइव्ह आणि नेटवर्कवरचा टॉकबॅक

ओबी_परळ

गणपती जवळ आले की इथे दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "टॉकबॅकला (लाइव्ह चालू असताना टीमने आपसात बोलायच्या सोयीला) काय लावता?" एका ओळीत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांनी भर घालावी. नवीन मुलांनी बिनधास्त विचारावं.

आमचा ग्रुप मुंबईत मल्टिकॅमेरा लाइव्हची कामं करतो. नाट्यसंगीताच्या मैफली, कबड्डीच्या स्पर्धा आणि अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटी. बरीच वर्षं आमच्याकडे टू-वायर पार्टीलाइन होती. एक पॉवर सप्लाय, तीन पिनांची एक्सएलआर केबल, तिच्यातूनच ३० व्होल्ट आणि तिच्यातूनच आवाज. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या क्लिअर-कॉमची ही पद्धत आजही भक्कम आहे. शिवाजी मंदिरात चार कॅमेऱ्यांवर नाटक करायचं असेल तर मी आजही तीच लावेन.

चौपाटीवर मात्र ती पुरत नाही. पार्टीलाइन म्हणजे चाळीची गॅलरी, एकाने बोललेलं सगळ्यांच्या कानावर पडणार. ग्राफिक्सवाला मंडळाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ विचारतोय आणि त्याच क्षणी क्रेनवरच्या कॅमेरामनला "तीन, घट्ट कर" ऐकू यायला हवंय. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्या एकाच कानात एकाच वेळी नकोत.

म्हणून नेटवर्कवर गेलो. आम्ही दान्ते वापरतो, ऑस्ट्रेलियातल्या ऑडिनेट कंपनीचं, साध्या नेटवर्क केबलवरून आवाज नेणारं तंत्र. पण कोणताही डबा विकत किंवा भाड्याने घेण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर फक्त एवढंच लिहा: कोण कुणाशी बोलणार आणि कोण कुणाला ऐकणार. माझं ठाम मत आहे की टॉकबॅकचं निम्मं काम या कागदावरच होतं. आमचा कागद साधारण असा असतो. डिरेक्टरचा आवाज सगळ्या कॅमेऱ्यांना, स्विचरला (कॅमेरे कापणाऱ्याला), रिप्लेला आणि फ्लोअर मॅनेजरला जातो. कॅमेरामन बोलला तर तो डिरेक्टर आणि सीसीयूवाल्याला (व्हॅनमधून कॅमेऱ्यांचा रंग-उजेड सांभाळणाऱ्याला) ऐकू जातो, बाकीच्या कॅमेऱ्यांना नाही. साउंड, लाइट, जनरेटर आणि केबल सांभाळणाऱ्या मुलांची वेगळी तांत्रिक लाइन असते. डिरेक्टरला ती हलक्या आवाजात दुसऱ्या कानात मिळते, बटण दाबल्याशिवाय तो तिच्यात बोलत नाही. ग्राफिक्स आणि निर्माता यांची तिसरी लाइन. अँकरचं आयएफबी (त्याच्या कानात जाणारी लाइन) पूर्णपणे स्वतंत्र. त्याला कार्यक्रमाचा आवाज स्वतःचा वगळून मिळतो, आणि डिरेक्टरने बटण दाबलं की कार्यक्रम खाली जाऊन डिरेक्टर वर येतो.

आता ती गोष्ट, जी पहिल्यांदा नेटवर्कवर येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. नेटवर्क आवाज पोचवतं, मिसळत नाही. दान्तेत एक पाठवणारा चॅनेल हव्या तितक्या ठिकाणी ऐकता येतो, पण ऐकणारा एक चॅनेल एका वेळी एकाच पाठवणाऱ्याला जोडता येतो. दहा बेल्टपॅक (कमरेला लावायचे, हेडसेट जोडायचे डबे) नेटवर्कच्या स्विचला लावले म्हणून पार्टीलाइन तयार होत नाही. दहा जणांचे आवाज एकत्र करून प्रत्येकाला "मी सोडून बाकी सगळे" असं मिश्रण परत देणारं काहीतरी मध्ये लागतं. ते काम मॅट्रिक्स, म्हणजे इंटरकॉमचं मोठं एक्सचेंज करतो (रिडेलचा आर्टिस्ट, क्लिअर-कॉमचा एक्लिप्स, आरटीएस), किंवा स्टुडिओ टेक्नॉलॉजीजकडे मिळतं तसं छोटं इंटरकॉम इंजिन, किंवा भरपूर बस (वेगवेगळी मिश्रणं बाहेर काढायच्या वाटा) असलेला दान्तेवाला डिजिटल मिक्सर. बजेट करताना आधी याचा आकडा धरा, बेल्टपॅकचा नंतर.

स्विचबद्दल आमचे नियम. टॉकबॅकसाठी वेगळा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) गिगाबिट स्विच, पीओई असलेला, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा. त्यावर स्ट्रीमिंग नाही, लॅपटॉपचे अपडेट नाहीत, पाहुण्यांचं वायफाय नाही. जोडणी ताऱ्यासारखी, प्रत्येक बेल्टपॅकची केबल थेट स्विचकडे. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी माळ लावली की मधली एक केबल गर्दीत कुणाच्या पायात आली तरी पुढचे सगळे बहिरे होतात. स्विचला यूपीएस हवाच.

तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत. चौपाटीवर ओबी व्हॅनपासून (प्रक्षेपणाच्या गाडीपासून) पाण्याकडच्या टॉवरपर्यंतची केबलवाट त्यात बसत नाही, तिथे सिंगल मोड फायबर टाकतो आणि टॉवरखाली छोटा स्विच ठेवतो. फायबरचा मला आणखी एका कारणासाठी आधार वाटतो. टॉवर एका जनरेटरवर असतो आणि व्हॅन दुसऱ्या. दोघांचं अर्थिंग वेगळं. मध्ये तांबं असेल तर हम येतो, कधी त्याहून वाईट घडतं. काचेतून वीज जात नाही, त्यामुळे तो प्रश्नच उरत नाही. भाद्रपदातल्या पावसात ओल्या वाळूत उभ्या असलेल्या मुलाच्या कानाला लावलेली ही यंत्रणा आहे. इथे काटकसर करू नका.

क्लॉकचं थोडक्यात: दान्तेत सगळी उपकरणं एकाच घड्याळावर चालतात आणि ते घड्याळ कुणाचं हे ती आपसात ठरवतात. ते नशिबावर सोडू नका. जे उपकरण शेवटपर्यंत बंद होणार नाही (आमच्याकडे इंजिन) त्याला दान्ते कंट्रोलरमध्ये (लॅपटॉपवरच्या दान्तेच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्राधान्य द्या. लेटन्सी (आवाज पोचायला दिलेली मुदत) १ मिलिसेकंदवर ठेवतो. टॉकबॅकसाठी ती हवी तेवढी कमी आहे आणि दहा स्विचपर्यंतच्या साखळीला पुरते.

---

गिरगावकर_मी

दादा, छान लिहिलंय. मी आमच्या मंडळाचं व्हिडिओचं काम बघतो, टीव्हीतला नाही. शंका अशी की चार-पाच जणांसाठी वॉकी-टॉकी किंवा फोनवर ग्रुप कॉल का चालत नाही? आम्ही तेच करतो.

---

ओबी_परळ

@गिरगावकर_मी, मिरवणुकीच्या व्यवस्थेला वॉकी-टॉकी उत्तमच. लाइव्ह कटिंगला दोन गोष्टी आड येतात. वॉकीवर एका वेळी एकच बोलतो, आणि कुणीतरी बटण दाबून बसला असेल तर डिरेक्टरला मध्ये घुसता येत नाही. लाइव्हमध्ये डिरेक्टरला कधीही घुसता आलं पाहिजे. शिवाय "टेक" म्हणण्याआधी बटण दाबलं गेलं नाही की पहिलं अक्षर गिळलं जातं, आणि ते पहिलं अक्षर म्हणजेच कॅमेऱ्याचा नंबर.

ग्रुप कॉलबद्दल तू चौपाटीवरच राहतोस, तुला सांगायला नको. विसर्जनाच्या संध्याकाळी लाखो फोन त्याच टॉवरांवर असतात. दुपारी तीनला खणखणीत चाललेला कॉल सातला लागेलच असं नाही, आणि आपलं खरं काम सातनंतरच असतं.

---

नेटवर्क_नाना

मी मुळात ऑफिस नेटवर्किंगवाला, गेली काही वर्षं लाइव्ह इव्हेंटना मदत करतो. परळकरांनी स्विचचं पटकन उरकलंय, तिथे जरा थांबतो, कारण तक्रारी सगळ्या तिथूनच येतात.

पहिलं म्हणजे बँडविड्थची काळजी सोडा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक चॅनेल म्हणजे १.१५२ मेगाबिट, वेष्टण धरून दीडच्या आसपास. तीस बेल्टपॅक लावलेत तरी गिगाबिट पोर्टला कळणारही नाही. प्रश्न किती माल जातो हा नाही, वेळेवर जातो का हा आहे. १ मिलिसेकंदाची मुदत दिली असेल तर दोन मिलिसेकंदांनी आलेलं पॅकेट फेकूनच दिलं जातं आणि कानात 'टक' वाजतं.

स्विचमध्ये ऊर्जाबचतीची सोय असते, ८०२.३एझेड, नाव एनर्जी एफिशिएंट इथरनेट. ती बंद करा. ती रिकाम्या वेळात पोर्टला डुलकी घेऊ देते आणि घड्याळाची पॅकेटं त्या डुलकीत लटकतात. बंद करता येत नसेल तर तो स्विच या कामाचा नाही.

क्यूओएस (कोणतं पॅकेट आधी सोडायचं हा स्विचचा नियम) लावताना दान्तेची खूण अशी: घड्याळाला डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) ५६, आवाजाला ४६. स्विचमध्ये ५६ सगळ्यात वरच्या रांगेत, ४६ त्याखाली, बाकी सगळं तळाला, आणि रांग काटेकोर प्राधान्याची. बरेच स्विच ४६ आपोआप ओळखतात, कारण ऑफिसातले आयपी फोन तोच आकडा वापरतात. ५६ मात्र हाताने बघावं लागतं.

मल्टिकास्ट (एकच प्रवाह अनेकांना) वापरत असाल तर आयजीएमपी स्नूपिंग (ज्याने मागितलं त्याच पोर्टला प्रवाह देणं) चालू करा आणि क्वेरिअर (कुणाला काय हवंय हे अधूनमधून विचारणारा) एकच ठेवा. स्नूपिंग चालू आणि क्वेरिअर कुठेच नाही, अशी मांडणी काही मिनिटं झकास चालते आणि मग आवाज एकेक करून गळतो. रिहर्सल पाच मिनिटांची असेल तर हा दोष दिसतच नाही. म्हणून लाइन चेक (प्रत्येकाची लाइन तपासणं) झाल्यावर सगळं तसंच चालू ठेवून जेवायला जा, येऊन पुन्हा ऐका.

आता केबल. लॅमिंग्टन रोडला स्वस्तात जी कॅट-६ मिळते तिच्यात पुष्कळदा तांब्याचा फक्त मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के. डेटा जाईल, पण लांब अंतरावर पीओईचं व्होल्टेज पडेल आणि बेल्टपॅक मध्येच रीस्टार्ट होईल. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात पोर्टवर १५.४ वॉट आणि टोकाला १२.९५ वॉट हा हिशेब चांगल्या तांब्यासाठी धरलेला आहे. दुकानात टोक सोलून चाकूने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत द्या. स्विचचं एकूण पीओई बजेटही बघा. चोवीस पोर्ट आहेत म्हणजे चोवीसही पोर्टांना पूर्ण वीज मिळते असं नाही.

---

कॅमेरा_चार

सगळे डब्यांवर बोलताय. मी त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो, माझंही ऐका.

ढोल-ताशा पथक वीस फुटांवर असताना कान उघडा ठेवणारा हेडसेट काहीच कामाचा नाही. दोन्ही कान झाकणारा, घट्ट बसणारा हवा. माइक डायनॅमिक आणि अगदी ओठांजवळ. कंडेन्सर माइक दिलात तर डिरेक्टरला माझ्याऐवजी पथकच ऐकू येईल.

बटण दाबून धरलं तरच माइक चालू, असं ठेवा. लॅच (एकदा दाबलं की चालूच राहणारं बटण) नको. एकाने माइक उघडा ठेवला की ढोलाचा आवाज थेट सगळ्या लाइनवर. परळकर दादांच्या इंजिनमध्ये सगळ्यांचे माइक एकदम बंद करायची सोय असेल तर ते बटण सीसीयूवाल्याच्या हाताशी द्या.

आणि डिरेक्टर मंडळींना कळकळीची विनंती. आधी नंबर, मग काम. "दोन, डावीकडे पॅन" म्हणा. "जरा डावीकडे घे ना" म्हटलंत की सहा कॅमेरे एकदम डावीकडे वळतात. "दोन रेडी" आणि "दोन टेक" यांच्यात श्वासाएवढं अंतर ठेवा. उत्तर तोंडी मागू नका, मी कॅमेरा किंचित वरखाली करून "हो" सांगतो, ते मॉनिटरवर दिसतं. लाइन मोकळी राहते.

---

साउंडवाली_ठाणे

@कॅमेरा_चार, तुमचा प्रतिसाद मी आमच्या डिरेक्टरला पाठवते आहे.

दोन भर घालते. आमच्याकडे वेगळं इंजिन नाही, आम्ही दान्ते कार्ड असलेल्या डिजिटल मिक्सरच्या बसवर टॉकबॅक करतो. शक्य आहे, पण प्रत्येक माणसामागे एक बस जाते, कारण प्रत्येकाच्या मिश्रणातून त्याचा स्वतःचा आवाज काढावा लागतो. सहा-आठ माणसांपर्यंत ठीक. त्यापुढे गेलात तर कार्यक्रमाच्या आवाजाला बस उरत नाहीत, आणि गायकाच्या मॉनिटरशी तडजोड करून टॉकबॅक चालवणं मला तरी मान्य नाही. स्वतःचा आवाज थोडा कानात येणं (साइडटोन) गरजेचं आहे, नाहीतर माणूस ओरडून बोलतो. पण तो बेल्टपॅकच्या आतच मिळायला हवा, मिक्सरला वळसा घालून नाही.

अँकरच्या आयएफबीत स्वतःचा आवाज वगळण्याचं महत्त्व वर आलंच आहे. परतीचा कार्यक्रम उपग्रहावरून येत असेल तर तो वगळावाच लागतो. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो. पाव सेकंद उशिरा स्वतःचाच आवाज कानात आला की कसलेला निवेदकही अडखळतो. मोबाइल बाँडिंगच्या (अनेक सिमकार्डं एकत्र वापरून प्रक्षेपण पाठवणाऱ्या) बॅगपॅकवर हा उशीर बहुतेक वेळा याहून जास्त असतो.

दुसरं, कानांचं. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही एनआयओएसएच या अमेरिकी संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. विसर्जनाचं काम सकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालतं. बाहेरचा आवाज जितका जास्त, तितका माणूस बेल्टपॅकचा आवाज वाढवत जातो. आवाज रोखणारा हेडसेट घेतलात तर तो मुळात वाढवावाच लागत नाही. बेल्टपॅकला लिमिटर असेल तर लावा. क्रेनवरच्या आणि पथकाजवळच्या माणसांची अदलाबदल ठेवा. आपल्या क्षेत्रात चाळिशीतच ऐकू कमी येणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं काम कानांवरच चालतं.

---

एमसीआर_रात्रपाळी

चॅनेलच्या मास्टर कंट्रोलमधून लिहितोय. तुमची व्हॅन स्वतंत्र असेपर्यंत दान्ते एकटं सुखात असतं. स्टुडिओच्या एसटी २११० (चित्र-आवाज आयपीवर नेण्याचं ब्रॉडकास्टचं मानक) नेटवर्कला जोडायची वेळ आली की पुढच्या गोष्टी तपासा.

दोन्हीतला दुवा एईएस६७, नेटवर्कवरच्या आवाजासाठी २०१३ साली आलेलं मानक. दान्तेच्या उपकरणात एईएस६७ मोड चालू करावा लागतो, सगळ्या उपकरणांत तो असतोच असं नाही. घड्याळ वेगळं आहे: दान्ते पीटीपीची (नेटवर्कवर घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती वापरतं, एईएस६७ दुसरी. त्यातही डोमेनचा (घड्याळाच्या गटाचा) आकडा जुळावा लागतो. एईएस६७ चा मूळ डोमेन ०, ब्रॉडकास्टच्या एसएमपीटीई २०५९-२ चा १२७. दोन्ही बाजू आपापल्या जागी निरोगी दिसतात आणि आवाज मात्र येत नाही, तेव्हा आधी हे बघा.

नानांनी डीएससीपीचे आकडे दिलेत त्यात एक मेख आहे. एईएस६७ मध्ये ४६ ही खूण घड्याळाची असते आणि आवाजाला ३४. म्हणजे एकाच स्विचवर दान्तेचा आवाज आणि एईएस६७ चं घड्याळ एकाच रांगेत उभे राहतात. लहान नेटवर्कमध्ये खपून जातं, मोठ्यात वेगळे व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) करून सीमेवर खुणा बदलून घ्या.

वायरलेस बेल्टपॅक भाड्याने घेणाऱ्यांसाठी: बोलेरो किंवा फ्रीस्पीक २ यांसारखे सेट डेक्टच्या (बिनतारी फोनच्या मानकाच्या) १.९ गिगाहर्ट्झवर चालतात, पण नेमका पट्टा देशाप्रमाणे बदलतो. युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०. बाहेरून आणलेला सेट तसाच चालू करू नका. भाड्याने देणाऱ्याकडे डब्ल्यूपीसीच्या (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाच्या) मंजुरीची प्रत मागा. ज्याच्याकडे आहे तो लगेच देतो.

---

नवखा_पनवेल

माझ्याकडे यातलं काहीच नाही 🙂 तीन कॅमेरे, एक सॉफ्टवेअर स्विचर, बजेट जवळपास शून्य. कॉलेजच्या एकांकिका आणि स्थानिक क्रिकेट करतो. सुरुवात कशी करू?

---

ओबी_परळ

@नवखा_पनवेल, मंबल. ग्रुपमध्ये बोलायचं सॉफ्टवेअर, मुक्त स्रोत आहे, फुकट आहे. एका जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर टाक, तो लॅपटॉप केबलने राउटरला जोड, आणि राउटर फक्त तुमच्या टीमसाठी ठेव. इंटरनेट लागतच नाही, सगळं हॉलच्या आतच फिरतं. फोनवर ॲप, तारेचे हेडफोन. ब्लूटूथ टाळ, तोच सगळ्यात जास्त उशीर घालतो. मंबल आवाजासाठी ओपस कोडेक (आवाज दाबून लहान करायची पद्धत) वापरतं, ते बोलण्यासाठी फार चांगलं आहे. सेटिंगमध्ये प्रत्येक पॅकेटमधला आवाज १० मिलिसेकंदवर ठेव, बफर कमीत कमी. पोर्ट ६४७३८, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही मोकळे हवेत. यूडीपी अडलं तर मंबल गुपचूप टीसीपीवरून आवाज नेतं. सगळं चालू आहे असं वाटतं, पण आवाज रखडत येतो.

आणि यातही चॅनेल करता येतात. तीन कॅमेऱ्यांसाठीसुद्धा तो कागद आधी लिही. उद्या मॅट्रिक्सवर बसलास तरी तोच कागद लागेल.

---

नवखा_पनवेल

खूप आभार दादा. या रविवारीच लावून बघतो. कॉलेजकडे जुने टू-वायर बेल्टपॅक पडून आहेत, ते पुढेमागे दान्तेला जोडता येतील का?

---

ओबी_परळ

येतील, आम्हीही जुने फेकलेले नाहीत. टू-वायर ते दान्ते असा इंटरफेस मिळतो. एक काळजी घ्यायची. टू-वायरमध्ये जाणारा आणि येणारा आवाज एकाच तारेवर असतो, त्यामुळे इंटरफेसला 'येणाऱ्यातून जाणारा वजा कर' हे शिकवावं लागतं. त्याला नल करणं म्हणतात. सगळे बेल्टपॅक आणि पूर्ण लांबीची केबल जोडून, सगळे माइक बंद करून मगच नल कर. नंतर केबल वाढवलीस किंवा दोन बेल्टपॅक काढलेस तर पुन्हा कर, नाहीतर डिरेक्टरला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. काही इंटरफेसमध्ये एक बटण दाबलं की ते आपोआप होतं.

चौपाटीवर एक टू-वायर लाइन आम्ही मुद्दाम वेगळ्या सप्लायवर तशीच जिवंत ठेवतो. डिरेक्टर, स्विचर, कॅमेरा एक आणि फ्लोअर मॅनेजर. स्विच गेला तरी हे चौघं कार्यक्रम पुढे नेऊ शकतात.

---

कॅमेरा_चार

एक विचारायचं राहिलं. ऐन कार्यक्रमात माझा बेल्टपॅक मेला तर दुसरा लावल्यावर पुन्हा सगळं जोडत बसावं लागतं का? एका ठिकाणी खूप वेळ मी टॉकबॅकशिवाय शूट केलं होतं.

---

ओबी_परळ

नाही लागत, आधी तयारी असेल तर. दान्तेची जोडणी उपकरणाच्या आणि चॅनेलच्या नावावर असते. मेलेला बेल्टपॅक "कॅम-४" नावाचा असेल तर तो काढायचा, सुट्या बेल्टपॅकला तेच नाव आणि चॅनेलना तीच नावं द्यायची. इंजिन त्याला आपोआप पकडतं. पण बेल्टपॅकच्या ऐकायच्या जोडण्या त्याच्या स्वतःच्या आत साठवलेल्या असतात, त्या नव्यात नसतात. म्हणून लाइन चेकनंतर दान्ते कंट्रोलरमध्ये पूर्ण मांडणीचा प्रीसेट सेव्ह करून ठेवायचा आणि बदलताना त्यातला फक्त कॅम-४ चा भाग नव्यावर लावायचा. एकाच नावाची दोन उपकरणं एकदम नेटवर्कवर आणू नका, दुसऱ्याचं नाव आपोआप बदलतं आणि जोडणी होत नाही. जुना काढल्याची खात्री झाली की मगच नवा.

सुटा बेल्टपॅक टॉवरखालच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवतो. समुद्राची खारी हवा कनेक्टरला फार लवकर खाते. प्रीसेटची प्रत व्हॅनमधल्या दोन लॅपटॉपवर असते, आणि नावांची यादी छापून दाराच्या आत चिकटवलेली. उपकरणाला नाव देताना इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली छोटी रेघ एवढंच वापरा, स्पेस चालत नाही.